घेतलेलं किती, परत किती?

हे मनन सावकाश वाचा. मधे मधे एखादा प्रश्न येईल. तिथे पान खाली ठेवा आणि थोडा वेळ त्या प्रश्नाजवळ राहा. उत्तर आजच मिळायला हवं असं नाही.

विषय मोठा आहे. देशाच्या शाश्वत विकासात गावाच्या अर्थकारणाचा वाटा कोणता? एवढा विषय एकदम उचलला की तो भाषणात जातो आणि टाळ्यांबरोबर विरून जातो. म्हणून आपण एकच गाव घेऊ, एकच वस्तू घेऊ आणि तिच्या मागे मागे चालत जाऊ.

गाव जळोची. बारामतीच्या कडेचं हे गाव आता नगरपरिषदेच्या हद्दीत आलं आहे. तरी आजूबाजूच्या शेतकऱ्याला जळोची म्हटलं की भाजीपाल्याचा बाजार आठवतो, कारण बारामती कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार इथेच आहे. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, कोथिंबीर आणि मेथीचे ढीग. लिलाव पुकारणारे आडते, खरेदीदार, तोलणार, हमाल, टेम्पोवाले.

वस्तू म्हणून त्या ढिगातली मेथीची एक जुडी घ्या. डोळे मिटा आणि ती हातात आहे असं समजा. मुळांना अजून ओली माती आहे. पेरल्यापासून महिनाभरात ती इथवर आली. शेकड्याच्या भावाने ती विकली जाईल आणि दुपारपर्यंत कोणाच्या तरी घरी निवडायला बसेल.

पट्टी

लिलाव झाला की शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी येते. किती शेकडा माल, काय भाव, हमाली किती, तोलाई किती, गाडीभाडं किती, हातात किती. २०१६ साली महाराष्ट्राने फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा या पट्टीवरची एक वजावट गेली. तो निर्णय व्हायला कितीतरी वर्षं लागली. पट्टीवरची एक ओळ बदलायची तर राज्याला कायद्याला हात घालावा लागतो, हे ध्यानात ठेवू.

आता ही पट्टी पुन्हा वाचा, पण या वेळी तिच्यावर काय लिहिलेलं नाही ते शोधा. मेथीला दिलेलं पाणी नाही. ज्या मातीने तिला पोसलं ती माती नाही. मेथी उपटून, माती झटकून, जुड्या बांधणाऱ्या बायकांची मजुरी शेतकऱ्याने घरून चुकती केली असेल, आणि त्या बायका त्याच्याच घरातल्या असतील तर ती कुठेच लिहिली गेली नसेल. गोठ्यातून आलेलं शेणखतही नाही.

गावातून देशाकडे जाणाऱ्या प्रत्येक मालाची पट्टी अशीच असते. किती विकलं ते दिसतं. विकलेलं पुन्हा उगवावं यासाठी जे मागे ठेवावं लागतं, ते दिसत नाही. आजच्या मननाचा प्रश्न तिथूनच निघतो, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर आपण तोच विचारणार आहोत: घेतलेलं किती, परत किती?

पाणी

आधी पाण्याच्या मागे जाऊ.

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. तरी या भागात ऊस उभा आहे, केळी आहे, द्राक्षं आहेत, मेथी आहे. हे पाणी इथल्या आभाळाचं नाही. ते पडलं भोरच्या डोंगरात. वेळवंडी नदीवर भाटघरला ते अडलं, नीरेतून वीरपर्यंत आलं आणि तिथून नीरा डाव्या कालव्याने बारामती ओलांडून इंदापूरकडे गेलं. मधे चाऱ्या, पोटचाऱ्या, पाटकरी, आवर्तनाची, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळीची, वाट पाहणं आणि रात्रीअपरात्री बॅटरी घेऊन बांधावर उभं राहणं.

हा कालवा दुष्काळाच्या पोटी जन्मला. १८७६ ते ७८च्या भीषण दुष्काळात माणसांना काम देण्यासाठी त्याची खोदाई सुरू झाली आणि १८८५च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागलं. उपाशी माणसांनी खणलेल्या पाटावर पुढच्या पाच-सहा पिढ्या जेवल्या. इथे जरा थांबा. ज्यांनी हा पाट खणला त्यांची नावं कोणत्याही दगडावर नाहीत. त्यांना आपण काय परत दिलं?

आणि भोरच्या माणसांना? भाटघरचं धरण आधी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालं आणि १९२०च्या दशकात त्याहून मोठं बांधलं गेलं. धरण वाढलं तशी वेळवंडीच्या खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली. वरच्या खोऱ्यातल्या लोकांनी भाताची खाचरं सोडली तेव्हा खालच्या खोऱ्यात बागायत झाली. एका गावाची समृद्धी बहुतेक वेळा दुसऱ्या गावाने सोडलेल्या कशावर तरी उभी असते. ही गोष्ट कोणाला दोषी ठरवण्यासाठी आठवायची नाही. पाण्याचा हिशोब पूर्ण लिहायचा असेल तर तिच्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणून आठवायची.

याच कालव्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी गटपद्धत आणली, जिला आजही ब्लॉक पद्धत म्हणतात. ते तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात अभियंता होते. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या थोड्या गावांनी सगळं पाणी उसाला ओतायचं आणि शेवटच्या गावांनी कोरड्या चारीकडे बघत बसायचं, हे त्यांना पटलं नाही. पाणी अधिक गावांत ठरावीक गटांना द्यावं आणि त्या गटांत उसाची इतर पिकांबरोबर फेरपालट व्हावी, असा त्यांचा विचार होता.

सव्वाशे वर्षं झाली. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची तक्रार अजून तीच आहे. इंदापूरच्या शेवटच्या चाऱ्यांवर आवर्तन पोचेपर्यंत पीक माना टाकतं. बारामती तालुक्याचा सुप्याकडचा जिरायत पट्टा जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेकडे डोळे लावून बसतो. एकाच तालुक्यात एक शेतकरी पाणी जास्त झाल्याने जमीन गमावतो आणि दुसरा पाण्याविना.

स्वतःला विचारा: माझ्या घरात, माझ्या शेतात, माझ्या कारखान्यात येणारं पाणी कोणाच्या आभाळातून येतं? आणि माझ्या पुढच्या माणसापर्यंत मी ते किती जाऊ देतो?

माती

आता जुडीच्या मुळांना लागलेली माती चिमटीत घ्या.

कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं होतात न होतात तोच हॅरल्ड मॅन हे शेतीशास्त्रज्ञ ताम्हणे या सहकाऱ्यासोबत नीरेच्या खोऱ्यात फिरत होते. १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने त्यांचा जो अहवाल छापला, त्याचा विषय होता नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनी. पाण्याने सुबत्ता आणली होती आणि त्याच पाण्याने जमीन पांढरी पडू लागली होती.

कारण साधं आहे, आणि ते समजून घ्यायला हवं, कारण ते आजही तसंच आहे. खोल काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा हळू होतो. वरून सतत पाणी दिलं की जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढते. ते पाणी मातीतले क्षार विरघळवून वर आणतं. उन्हाने पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आधी पीक पिवळं पडतं, मग उगवण तुटक होते, मग पांढरा थर दिसतो. जमीन चोपण झाली की तिथे ऊससुद्धा नीट उभा राहत नाही. शेतकरी उत्पन्न घटलं म्हणून आणखी पाणी देतो, आणखी खताच्या गोण्या रिकाम्या करतो, आणि दुखणं वाढतं.

पट्टीवर हे काहीच उमटत नाही. जमीन खालावण्याची पहिली काही वर्षं विक्री चांगली दिसत राहते. तालुक्याचं उत्पन्न वाढतं, राज्याचं वाढतं, देशाच्या आकड्यांत भर पडते. गावाचं मूळ भांडवल मात्र आतून झिजत असतं. एखाद्या घराने दागिने मोडून खर्च चालवावा आणि शेजाऱ्यांनी त्याला कमाई समजावं, तसं हे आहे.

परतफेडीचे मार्ग इथल्या माणसाला माहीत आहेत. शेतात निचऱ्याचे चर काढायचे. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी जमिनीत गाडायचा. ऊस तुटल्यावर पाचट पेटवून न देता खोडव्यात आच्छादन म्हणून पसरायचं, म्हणजे ओल टिकते, तण कमी येतं आणि काही महिन्यांत तेच पाचट खत होतं. उसावर ऊस न घेता मधे हरभरा, भुईमूग, भाजीपाला घ्यायचा. आपली मेथी इथे कामाला येते. ती द्विदल कुळातली आहे, तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत धरतात. थोड्या दिवसांचं, थोड्या पाण्याचं पीक जमिनीला दम खाऊ देतं.

मेंढपाळांचे वाडे या रानात येऊन बसत, तोही असाच व्यवहार. मेंढ्या रात्री शेतात बसवायच्या, त्यांच्या लेंडीखताने रान सुपीक व्हायचं आणि धनगराला बदल्यात धान्य किंवा पैसे मिळायचे. जमिनीला खत मिळे आणि फिरत्या कुटुंबाचं पोटही भरे.

स्वतःला विचारा: मी ज्यावर जगतो ते भांडवल मला मिळालं तेव्हा कसं होतं? माझ्या हातून पुढे जाताना ते कसं असेल?

दूध

आता गोठ्याकडे वळा.

बारामती तालुक्याच्या जिरायत भागात एक काळ असा होता की पाऊस गेला की घरातले कर्ते पुरुष कामासाठी बाहेर पडत. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात इथे पाझर तलावांची कामं सुरू झाली. चर्चशी संलग्न असलेल्या ‘कासा’ या मदतसंस्थेकडून कामाच्या बदल्यात धान्य मिळे आणि गावकरी आपल्याच शिवारात बंधारा घालत. त्या अनुभवातून १९७१ साली अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने बारामतीची कृषी विकास संस्था उभी राहिली. पाझर तलावाने विहिरीला पाणी आलं, विहिरीने चारा आला आणि चाऱ्याच्या आधाराने संकरित गाय आली.

गाईने घराला वेळेवर येणारे पैसे दिले. उसाचे पैसे वर्ष-दीड वर्षांनी येतात. भाजीचा भाव कधी वर, कधी मातीमोल. दुधाचा पगार मात्र दहा दिवसांनी येतो. किराणा, शाळेची फी, दवाखाना, पेंड हे सगळं त्या पगारावर चालतं. पहाटेची धार, डेअरीतली रांग, फॅट आणि एसएनएफचे आकडे. या कामाचा मोठा भाग घरातल्या बाईच्या अंगावर असतो.

आता देशाकडे बघा. भारत जगात सर्वांत जास्त दूध पिकवणारा देश आहे. २०२३-२४ साली देशाचं दूध उत्पादन सुमारे २४ कोटी टनांपर्यंत गेलं. हा डोंगर मोठ्या फार्मांनी उभा केलेला नाही. दोन गाई, चार म्हशी अशा कोट्यवधी गोठ्यांतून तो गोळा होतो. एका गोठ्याचं पाच-दहा लिटर दूध देशाला दिसत नाही, पण देशाचं पोषण त्याच दुधावर चालतं. गावाचं अर्थकारण देशाला काय देतं, याचं इतकं स्पष्ट उत्तर दुसरं नाही.

यात परतफेडही आहे. गाय चारा खाते आणि शेण देते. शेण उकिरड्यात कुजतं किंवा गोबरगॅसच्या टाकीत जाऊन आधी चूल पेटवतं, मग खत होऊन रानात जातं. मेथीच्या मुळांना लागलेल्या मातीत या गोठ्याचा वाटा आहे. जे अर्थकारण शेवटी जमिनीपाशी परत येतं ते टिकतं. पण त्यालाही मर्यादा असते. विकत घेतलेल्या पेंडीचे भाव चढले आणि दुधाचे पडले की हाच गोठा कर्ज काढतो.

स्वतःला विचारा: माझ्या रोजच्या जगण्यात कोणती गोष्ट वापरून संपते आणि कोणती फिरून परत येते?

हात

आता हातांकडे पाहू. हा टप्पा जड आहे, इथे घाई करू नका.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा श्री छत्रपती. नीरा डाव्या कालव्याच्या आधारावरचे हे सहकारी साखर कारखाने. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना चालवून दाखवला आणि त्या वाटेने राज्यभर सहकार पसरला. शेतकरी कारखान्याचा सभासद झाला, भागधारक झाला, वार्षिक सभेत उभा राहून प्रश्न विचारू लागला. या पट्ट्यातल्या शाळा-कॉलेजं, रस्ते, पतसंस्था यांच्यामागे उसाचा पैसा आहे. आज त्याच उसापासून इथेनॉल होतं आणि पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं. आयात तेलाचा भार त्याने काही प्रमाणात हलका होतो.

हे सगळं खरं. आता त्याची दुसरी बाजू.

ऊस राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीचा छोटा हिस्सा व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा पितो. आणि तो ऊस तोडायला दसऱ्यानंतर बीडकडून, पाथर्डीकडून माणसं येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हंगाम. पहाटे फडात, रात्री ट्रॉली भरायला. उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी. वाढे विकून मिळालेले चार पैसे. मुलांची शाळा गावी राहिलेली. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गेला, तेव्हा राज्याला कळलं की काम बुडू नये म्हणून बाईचं शरीर काय काय सोसतं.

ज्या गावात पाणी नाही त्या गावाची माणसं, ज्या गावात पाणी आहे तिथल्या पिकासाठी येतात. भोरचं पाणी आणि बीडचे हात एकत्र आले की साखर होते. शाश्वत विकासाचा हिशोब मांडताना कारखान्याच्या धुराड्यातला धूर मोजतात, ते योग्यच आहे. पण कोपीतल्या मुलाचं बुडालेलं वर्षही मोजायला हवं, कारण पिढी शिकली नाही तर कोणतीच प्रगती टिकत नाही.

याच महाराष्ट्राने एक मोठी परतफेड करून दाखवलेली आहे, तीही आठवू. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९७२च्या दुष्काळात तिने लाखो माणसांना गाव न सोडता काम दिलं. १९७७ साली तिचा कायदा झाला: मागेल त्याला काम. त्या कामातून नालाबांध, पाझर तलाव, रस्ते झाले. या योजनेसाठी राज्याने १९७५ साली व्यवसाय कर सुरू केला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास जी कपात होते, तिचं मूळ इथे आहे. २००५ साली देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तो या अनुभवावर. गावाच्या अडचणीतून निघालेली कल्पना देशाचा कायदा झाली आणि शहराने तिचा पैसा उचलला. म्हणजे हे होऊ शकतं.

स्वतःला विचारा: माझ्या सोयीमागे ज्यांचे हात आहेत, त्यांच्या मुलांकडे माझ्याकडून काय परत जातं?

शहर

जुडी आता शहरात पोचली आहे. शहर तिला काय परत देतं?

इंदापूर तालुक्याच्या उत्तर हद्दीवर भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी पसरलं आहे. १९८०च्या सुमारास धरण पूर्ण झालं तेव्हा काठच्या गावांना उठावं लागलं. पळसदेवचं जुनं मंदिर अजूनही पाणी ओसरलं की वर येतं. उठलेल्या माणसांनी काठावर नवं जगणं उभारलं. मासेमारी वाढली, भिगवणच्या मासळी बाजाराला नाव मिळालं, हिवाळ्यात रोहित पक्षी येऊ लागले तसे पर्यटकही आले. बुडालेल्या गावांनी स्वतःसाठी आणि इतरांसाठी रोजगार काढला.

पण त्याच पाण्यात मुळा-मुठेतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं, त्यातलं बरंचसं पुरेशी प्रक्रिया न होता. मेथी, दूध, मासे शहराकडे जातात आणि शहराकडून हे परत येतं. पाण्याचा रंग बदलतो, माशांची जात बदलते, मच्छीमाराच्या जाळ्यात येणाऱ्या मालाचा भाव बदलतो. शहर आपल्या सांडपाण्यावरच्या प्रक्रियेचा खर्च टाळतं आणि तो खर्च काठावरचं गाव आजारपणाच्या रूपाने भरतं.

शहरात राहणाऱ्या वाचकाने इथे जरा जास्त वेळ थांबावं. गावाने काय करावं हे सांगणं सोपं आहे. माझ्या घरातून निघालेलं पाणी कोणत्या नदीत जातं आणि ती नदी कोणाच्या दारावरून पुढे जाते, हे मला माहीत आहे का?

मोठा हिशोब

एवढं फिरल्यावर आता देशाचा आकडा पाहू. त्याआधी पाहिला असता तर तो नुसता आकडा वाटला असता.

२०११च्या जनगणनेत देशातली जवळजवळ ६९ टक्के माणसं गावांत राहत होती, महाराष्ट्रात सुमारे ५५ टक्के. रमेश चंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा नीती आयोगाचा २०१७चा अभ्यास सांगतो की २०११-१२ साली देशाच्या निव्वळ उत्पन्नातला ४६.९ टक्के वाटा ग्रामीण भागाचा होता. कारखानदारीतल्या उत्पन्नातला तर निम्म्याहून थोडा जास्त, ५१.३ टक्के. गाव म्हणजे फक्त शेती हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीकडे सायकल-मोटारसायकलवरून जाणाऱ्या आजूबाजूच्या गावांतल्या मुला-मुलींना हे वेगळं सांगायला नको.

तरीही हा आकडा पट्टीसारखाच आहे. त्यात उपसलेलं भूजल वजा होत नाही. चोपण झालेली जमीन वजा होत नाही. घरातल्या बाईचं गोठ्यातलं काम जमेत धरताना तो चाचपडतो. १९४५ साली गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरचं त्यांचं पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात निसर्गाच्या चक्रात राहून चालणारं आणि साठा उकरून संपवणारं अशा दोन अर्थकारणांचा भेद त्यांनी केला होता. संयुक्त राष्ट्रांनी सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं २०१५ साली स्वीकारली. त्याच्या सत्तर वर्षं आधी भारतीय खेड्याकडे पाहून हा विचार झाला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. गाव देशाला अन्न देतं, दूध देतं, साखर देतं, इंधन देतं, कामगार देतं. हा वाटा मोठा आहे, पण देश टिकतो तो गावाने मातीत, पाण्यात आणि माणसांत जे मागे ठेवलं त्यावर. ज्या गावाला सगळंच विकावं लागतं, ते गाव देशाला दहा वर्षं पुरेल. जे गाव मागे ठेवू शकतं, ते शंभर वर्षं पुरेल. आणि गावाला मागे ठेवता यावं एवढा भाव, एवढा वाटा, एवढा मान देणं ही देशाची जबाबदारी आहे. भाव पडला की शेतकरी पहिली काटछाट करतो ती शेणखतात, निचऱ्यात आणि मुलीच्या शिक्षणात. म्हणून रास्त भाव हा माती वाचवण्याचाही उपाय आहे.

आता काय करायचं

मननाचा शेवट कृतीत व्हावा, नाहीतर ते मनातल्या मनात राहतं.

तुम्ही गावात राहत असाल, तर येत्या ग्रामसभेला जा. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती, या दिवसांना आपल्याकडे ग्रामसभा भरते. ७३व्या घटनादुरुस्तीने, १९९३पासून, ग्रामपंचायतीला घटनेचं बळ आहे. गावाचा विकास आराखडा वाचला जाईल तेव्हा उभं राहून विचारा: या वर्षी गावाने जमिनीखालून किती पाणी घेतलं आणि किती जिरवलं? किती एकर जमीन चोपण झाली आणि किती सुधारली? आपल्या शिवारात ऊस तोडायला आलेल्यांची किती मुलं शाळेत बसली? उत्तर नसेल तर ते पुढच्या सभेत मिळावं असा ठराव मांडा.

तुम्ही जळोचीसारख्या गावात असाल, जे आता शहराच्या हद्दीत आलं आहे, तर तुमचं काम अवघड आहे, कारण ग्रामसभा राहिली नाही. प्लॉट पडतात, विहिरी बुजतात, ओढे गटारं होतात आणि त्याबद्दल बोलायची जागा उरत नाही. तेच प्रश्न नगरसेवकाला विचारा. गाव शहरात आलं म्हणून त्याच्या विहिरीचं आणि ओढ्याचं मोल कमी होत नाही. उलट शेजारच्या सोसायट्यांना आता त्याच पाण्याची गरज आहे.

तुम्ही शहरात असाल, तर ओला कचरा वेगळा ठेवण्यापासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. आपल्या शहराच्या सांडपाण्यावर किती प्रक्रिया होते हे महापालिकेला विचारा. भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस कराल तेव्हा मेथी उपटणारी बाई आठवा.

आणि तुम्ही धोरण ठरवणाऱ्यांपैकी असाल, तर पट्टीची ती एक ओळ आठवा. ती बदलायला कायदा बदलावा लागला आणि तो बदलला गेला. पाण्याची, मातीची आणि हातांची ओळही तशीच लिहून घेता येईल. ती लिहिली जाईपर्यंत प्रत्येक गावात, प्रत्येक सभेत कोणीतरी उठून विचारत राहायला हवं: घेतलेलं किती, परत किती? हा प्रश्न विचारण्याची सवय गावोगाव रुजली तर देशाचा विकास टिकेल.